तिच्याऐवजी बोलणारी

माझ्या मुलीला मी शाळेतून काढलं ते चार कार्डांमुळे. केंब्रिजजवळच्या आमच्या गावातल्या प्रायमरी शाळेत पेरेंट्स ईव्हनिंग होती. तिच्या टीचरने ड्रॉवरमधून एका रिंगमध्ये ओवलेली, लॅमिनेट केलेली कार्डं काढली आणि माझ्यापुढे ठेवली. एकावर टॉयलेटचं चित्र, एकावर पाण्याचा ग्लास, एकावर प्रश्नचिन्ह, एकावर हसरा चेहरा. मुलगी आठ वर्षांची होती. घरी मराठी-इंग्रजीत अखंड बडबडायची आणि शाळेत मात्र दोन वर्षांत तिने तोंडातून एक शब्द काढला नव्हता. कार्ड दाखवलं की तिचं काम भागायचं. "ती छान रमलीय," टीचर म्हणाली, "आम्ही तिला घाई करत नाही." मी पुण्यात चार वर्षं शाळेत शिकवलेली बाई. माझ्या पोटच्या पोरीच्या हाती असली मुक्यांची रिंग दिलेली बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्याच दिवशी मी हेडटीचरला पत्र दिलं, की यापुढे मुलीला मी घरीच शिकवेन.

या देशात तेवढं पुरतं. पुढे कौन्सिलकडून कोणीतरी येतं, चहा घेतं, वह्या चाळतं आणि जातं.

नवरा हॉस्पिटलात डॉक्टर. त्याला हे अजिबात पसंत नव्हतं, पण त्याला भांडायलाही वेळ नसायचा. त्याने पेशंटला द्यावी तशी मला तारीख दिली. "डिसेंबरपर्यंत बघू. तोवर चार परक्या माणसांसमोर ती एक वाक्य बोलली, तर तू म्हणशील तसं. नाहीतर जानेवारीत परत शाळा."

मी हो म्हटलं, कारण हरायचं नाही हे मी मनात पक्कं केलं होतं. खरं सांगायचं तर त्यात मुलीचा विचार निम्माच होता. इथे येऊन सहा वर्षं मी कोणीच नव्हते. माझं बी. एड. इथे कोणी विचारत नव्हतं. आता डायनिंग टेबलावर सकाळी नऊ वाजता मी पुन्हा बाई व्हायचे. वर्गात एकच विद्यार्थिनी होती, पण वर्ग माझा होता, आणि तो मला कोणालाही परत द्यायचा नव्हता.

घरी शिकणाऱ्या मुलांचा एक गट दर बुधवारी व्हिलेज हॉलमध्ये जमायचा. नऊ मुलं आणि त्यांच्या आया. मुलांना काहीही शिकवायचंच नाही, ती आपोआप शिकतात, असं मानणारी एक बाई होती. तिच्या दहा वर्षांच्या मुलाला बुटाची नाडी बांधता येत नव्हती. बाकीच्या आया मवाळ, लोकरीच्या, एकमेकींना सारख्या सॉरी म्हणणाऱ्या. त्यांच्यात एक अमेरिकन होती. तिचा नवरा युनिव्हर्सिटीत दोन वर्षांच्या कामावर आला होता. उंच, मोकळी, मनापासून चांगली बाई, आणि चांगल्या माणसांचा मला तेव्हा फार लवकर राग यायचा.

तिची मुलगी अकरा वर्षांची. पहिल्याच बुधवारी ती माझ्या मुलीशेजारी येऊन बसली. तिने काही विचारलं नाही, नुसती रंगांची पेटी मध्ये सरकवली. तासाभराने माझ्या मुलीने तिच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी सांगितलं. त्या पोरीने मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "तिला हिरवा हवाय." तेव्हापासून ते तसंच सुरू झालं. माझी मुलगी कानात सांगायची आणि ती मोठ्याने बोलायची. पाणी हवंय, तिला हे उत्तर येतंय, तिला मांजराची गोष्ट आवडली नाही. बाकीच्या आयांना ते गोड वाटायचं. मला मात्र तिथे टीचरच्या ड्रॉवरमधली कार्डंच दिसायची, फक्त आता त्यांना दोन वेण्या होत्या.

ऑक्टोबरात अमेरिकन बाईने थँक्सगिव्हिंगचं, त्यांच्याकडच्या आभार मानायच्या सणाचं, नाटक करायचं काढलं. शाळेतल्या मुलांना ख्रिसमसचं नाटक असतं, आपल्या मुलांना काहीच नसतं, असं तिचं म्हणणं. नाटक तिनेच लिहिलं होतं. जहाजातून समुद्र ओलांडून अमेरिकेला जाणारी माणसं, उपासमारीचा पहिला हिवाळा, मग सुगी आणि मेजवानी. इंग्लंडला कंटाळून पळून गेलेल्यांचा सोहळा करायला इंग्लिश आया उत्साहाने उशांचे अभ्रे कापून पांढऱ्या कॉलरी शिवू लागल्या. नाटक बसवणार कोण, असा प्रश्न आला तेव्हा मी हात वर केला.

मला ते येत होतं. शाळेत मी वक्तृत्वाच्या ढाली जिंकलेली मुलगी. आमच्या बाई मला भर उन्हात मैदानाच्या एका टोकाला उभं करायच्या आणि दुसऱ्या टोकाच्या भिंतीला ऐकू गेलं पाहिजे म्हणायच्या. आवाज गेला नाही की पुन्हा पहिल्यापासून. रडलं तर रडून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून. मी त्यांना घाबरायचे आणि जन्मभर त्यांचं कौतुक सांगत आले. त्या उन्हात कोणी मला पाणी दिलं असतं तर मी कशी झाले असते, याचा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता.

मी मुलांना बाईंसारखंच घेतलं. हात लावायची इथे सोय नाही, पण जीभ होती. तोतरं बोलणाऱ्या एका मुलाचं भाषण मी त्याच्यासमोरच कापलं आणि कारण सांगितलं. सात वर्षांची एक मुलगी सारखी रडायची, तर तिच्या वाट्याची दोन वाक्यं काढून तिला जहाजाची डोलकाठी केली. हात वर करून बारा मिनिटं उभं राहायचं. तिची आई म्हणाली, "तिला वाईट वाटलंय, असं वाटतं." मी म्हटलं, "काठीला वाईट वाटत नाही." ती बाई हसली, कारण तिला वाटलं मी विनोद केला.

नाटकाचा शेवट अमेरिकन बाईच्या घरच्या रीतीवर बेतलेला होता. प्रत्येक मुलाच्या हातात मक्याचा एक वाळलेला दाणा. एकेकाने पुढे यायचं, कोणाचे तरी आभार मानायचे आणि दाणा वाडग्यात टाकायचा. वाडगं लाकडी होतं, आवाज होईना, म्हणून मी माझं स्टीलचं पातेलं आणलं. दाणा पडला की टण्ण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. आभाराची वाक्यं मात्र लिहून द्यायची नाहीत, मुलं ऐन वेळी सुचेल ते बोलतील, असं तिने सांगितलं. स्टेजवर कोणी ऐन वेळी सुचेल ते बोलतं, ही कल्पनाच मला असह्य होती. पाठ केलं नाही त्याला मी बोलणं मानतच नव्हते. मी सगळ्यांची वाक्यं लिहून आणली. तिने ती नीट वाचली आणि परत दिली. "छान आहेत," ती म्हणाली, "पण ही तुझी आहेत."

तेव्हा मी फक्त माझ्या मुलीचं वाक्य ठेवलं, त्या बाईला न सांगता. नाटकात तिला दुसरं बोलणं नव्हतंच. नवरा ऐकायला येणार होता तो हे एक वाक्य. इंग्रजीत लिहिलं होतं. मराठीत सांगायचं तर, माझी आई हीच माझी शाळा आहे, म्हणून मी तिची आभारी आहे. हे मी स्वतः लिहिलं, स्वतःबद्दल, आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही. रोज सकाळी ती ते स्वयंपाकघरातून बाहेरच्या दाराला ऐकवायची. चाळीस वेळा, पन्नास वेळा. लोकांकडे बघायचं नाही, हॉलच्या मागच्या दारावरच्या घड्याळाकडे बघायचं, हेही शिकवलं. घरी ते खणखणीत यायचं. हॉलमध्ये तिची पाळी आली की ती मैत्रिणीच्या कानाकडे वळायची आणि तालमीत ती पोरगी सांगून मोकळी व्हायची, "ती म्हणतेय, ती नंतर बोलेल."

नाटकाला तीन आठवडे उरले होते. त्या बुधवारी घरी जाताना गाडीत मी मुलीला म्हटलं, "तुझी मैत्रीण कंटाळलीय तुला."

तिने माझ्याकडे पाहिलं.

"मला म्हणाली, तुझ्याऐवजी बोलून बोलून मी दमले. एवढी मोठी मुलगी, स्वतः का नाही बोलत?"

"कधी म्हणाली?"

"आज. आम्ही कप धूत होतो तेव्हा."

कप मी एकटीनेच धुतले होते. पण खोटं बोलताना एखादी वस्तू मध्ये ठेवली की ते उभं राहतं, हे मला माहीत होतं. मुलीने खिडकीकडे तोंड केलं. रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, आणि रडली असती तर कदाचित मी ते परत घेतलं असतं. असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. आता मला त्याचीही खात्री नाही.

पुढच्या बुधवारी मी त्या अमेरिकन पोरीला बाजूला घेतलं. तिला म्हटलं, "ती आता स्वतःच प्रयत्न करणार आहे, तर तू तिच्याजवळ बसू नकोस. तिलाच तसं हवंय." पोरगी शहाणी होती. तिचा चेहरा पडला, पण मान हलवली आणि ती लांब जाऊन बसली. तिला मी नाटकात निवेदिका केलं, म्हणजे स्टेजच्या दुसऱ्या टोकाला, माइकच्या स्टँडशी. माझ्या मुलीने ते सगळं पाहिलं. मी गाडीत सांगितलेल्या गोष्टीला आता पुरावा मिळाला होता.

त्याच दिवशी तालमीत माझी मुलगी जहाजातल्या माणसांत उभी होती. पाय आवळून, एका पायावरून दुसऱ्यावर. आईला ते कळतं. तिने एकदा माइककडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हातातला कागद वाचत राहिले. बोल, म्हटलं मनात, तोंड आहे ना तुला, बोल. डोलकाठी झालेली मुलगीसुद्धा तिच्याकडे बघायला लागली. शेवटी माझ्या मुलीच्या तोंडून आवाज आला. "टॉयलेट." स्पष्ट, सगळ्यांसमोर. पण तोवर उशीर झाला होता आणि तिच्या पायांपाशी फरशी ओली झाली होती.

अमेरिकन बाई धावत टॉवेल घेऊन आली. मला आनंद झाला होता, आणि तो मी लपवलाही नाही. दोन वर्षं आठ महिन्यांनंतर माझी मुलगी परक्या लोकांत एक शब्द बोलली होती. मी तिला तिथल्या तिथे शाबासकी दिली. तिने माझा हात खांद्यावरून काढला आणि स्वतःच टॉवेल घेतला.

त्यानंतर ती हॉलमध्ये थोडं थोडं बोलू लागली. पाणी. नको. येस. मला वाटलं, आमच्या शाळेतल्या बाई बरोबर होत्या.

नाटक गुरुवारी दुपारी दोन वाजता होतं. नवऱ्याने अर्धा दिवस सुट्टी घेतली होती आणि तो हॉस्पिटलचं ओळखपत्र गळ्यात तसंच ठेवून तिसऱ्या रांगेत बसला होता. चाळीसेक माणसं असतील. आजीआजोबा, शेजारी, हॉलची किल्ली सांभाळणारे गृहस्थ. मागे लांब टेबलावर झाकलेली टर्की, बटाटे, भोपळ्याचे गोड पाई. मी स्टेजच्या बाजूला, उभ्या करून ठेवलेल्या टेबल-टेनिसच्या टेबलामागे.

मुलं उत्तम बोलली. हे मी अभिमानाने नाही सांगत. घाबरलेली मुलं उत्तमच बोलतात. डोलकाठीने बारा मिनिटं हात खाली घेतले नाहीत. मग मेजवानीचा प्रवेश आला आणि एकेकजण पातेल्याकडे येऊ लागलं. कोणी कुत्र्याचे आभार मानले, कोणी आजीच्या नव्या गुडघ्याचे. लोक हसले. टण्ण, टण्ण. माझी मुलगी आठवी.

ती पुढे आली. मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं; नवरा खुर्चीच्या कडेवर पुढे सरकला होता. मग मी मुलीकडे पाहिलं. तिने घड्याळाकडे बघायचं होतं. ती वळून माइकपाशी उभ्या असलेल्या मुलीकडे बघत होती.

"मी माझ्या मैत्रिणीची आभारी आहे," ती इंग्रजीत म्हणाली. आवाज शेवटच्या भिंतीला पोचत होता. तेवढं मी तिला शिकवलं होतं. "ती माझ्याऐवजी बोलायची. तिला त्याचा कंटाळा आला. सॉरी. आता मी बोलते, म्हणून तू परत माझ्याजवळ बसशील का?"

लोकांना ते फार हृद्य वाटलं असावं. अमेरिकन पोरगी गोंधळून उभी होती, आणि माइक तिच्या तोंडापुढेच होता.

"मी असं कधीच म्हटलं नाही," ती म्हणाली. "तुझी आई म्हणाली, तुलाच मी नको होते."

ते वाक्य दोन्ही स्पीकरमधून आलं. माझ्या मुलीने मान वळवून टेबलाच्या आडोशाकडे पाहिलं, माझ्याकडे. फार वेळ नाही. मग तिने दाणा पातेल्यात टाकला, त्याचा आवाज झाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण नवव्या मुलाआधी काहीतरी करणं भाग होतं.

नाटकानंतर अमेरिकन बाई माझ्याकडे आली. हातात ताटल्यांची चवड होती. तिने हळू आवाजात विचारलं, "तू खरंच तिला तसं सांगितलंस?"

"मुलं काहीतरी चुकीचं समजतात," मी म्हटलं.

माझी मुलगी तिथेच उभी होती. ती दोन पावलं पुढे आली आणि त्या बाईला म्हणाली, "मी चुकीचं समजले नाही. आई म्हणाली, कप धुताना ती असं बोलली." पूर्ण वाक्य, परक्या माणसाला, कोणाच्याही मदतीशिवाय. आठ महिने मी याच क्षणासाठी राबले होते.

अमेरिकन बाईने मला आणखी काही विचारलं नाही. निघताना तिने फॉइलमध्ये बांधून आमच्यासाठी जेवण दिलं, तेही हसून. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

गाडीत बसलो तेव्हा बाहेर अंधारायला लागलं होतं. नवऱ्याला काय घडलं ते अर्धवटच कळलं होतं. पोरीपोरींचं भांडण असेल आणि मिटलं असेल, असं त्याने धरलं होतं. तो खूश होता. असा खूश मी त्याला फार दिवसांनी पाहत होते.

"मी चुकलो," तो मला म्हणाला. "बोलली की गं ती. चाळीस माणसांसमोर. शाळेने दोन वर्षांत जे केलं नाही ते तू केलंस. जानेवारीचं मी काढणार नाही आता. तू शिकव घरीच."

मी जिंकले होते. फॉइलचं पुडकं मांडीवर गरम लागत होतं.

"बाबा," मागून मुलगी म्हणाली, "मला शाळेत जायचंय."

नवऱ्याने आरशात पाहिलं. "का गं? आता तर तू छान बोलतेस. आईजवळ घरी मस्त चाललंय ना?"

"शाळेत मी नाही बोलले तर कोणी रागवत नाही," ती म्हणाली. "टीचरला कार्ड दाखवलं की ती जाऊ देते टॉयलेटला."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्या बुधवारबद्दल मी त्याला काही सांगितलं नव्हतं. जानेवारीच्या पहिल्या सोमवारी मी स्वतः तिला शाळेच्या गेटपाशी सोडून आले.